भरती निघेपर्यंत

पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिका आणि छोटी हॉटेलं एकमेकांना खेटून उभी आहेत. अभ्यासिकेची फी निघावी म्हणून हॉटेलात लागलेली मुलं इथे भेटतात, आणि फी भरता भरता हॉटेलातच राहून गेलेलीही. पुढचा संवाद मी रचलेला आहे. एक हिंगोलीकडचा बी. ए. झालेला वेटर, दुसरा उभी हयात भट्टीपाशी काढलेला कोकणातला भटारी. शटर ओढल्यापासून मोरीतली भांडी संपेपर्यंत त्यांना बोलायला सवड असते.

भटारी : शेठ तुला गल्ल्यावर बस म्हणाले, आणि तू नाही म्हणालास?

वेटर : गल्ल्यावर बसलो की पहाटेचं दूधही मीच घ्यायचं, मामा. मग ग्राउंडला कधी जाऊ? पोलीस भरतीला 50 मार्क ग्राउंडचे असतात. 1600 मीटर पळायचं, गोळा फेकायचा.

भटारी : दिवसाचे बारा तास उभा असतोस. पहाटे पळायला पाय कुठून आणतोस?

वेटर : भरती निघेपर्यंतच तर आहे हे. जन्मभर थोडंच करायचंय?

भटारी : तिथंच तुझं चुकतं. जन्मभर करायचं नाही म्हणून तू आठवड्याची सुट्टी मागत नाहीस. खाडा झाला की दोन दिवसांचे पैसे कापतात, त्यावर बोलत नाहीस. हातावर तेल उडालं तेव्हा मलमसुद्धा स्वतःच्या पैशानं आणलंस. निघून जाणारा माणूस भांडत बसत नाही. शेठला हे पक्कं माहीत आहे. तुझ्या आशेवर त्याचा खर्च वाचतो, बाबा.

वेटर : मग काय करू? आशा सोडू?

भटारी : हे काम आपलं म्हण. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका बघ. गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालायच्या आणि सावकाराच्या व्याजात बुडायच्या. 1975 साली प्रेमा पुरवांनी त्यांना एकत्र केलं, अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं, बँकेनं कर्ज दिलं. पोळ्या लाटणं हाच आपला धंदा, असं त्यांनी धरलं म्हणून ते झालं.

वेटर : खोली त्यांची, स्टो त्यांचा, जेवायला येणारी माणसंही त्यांचीच. इथं कढई कुणाची? मी कितीही आपलं म्हटलं तरी ती शेठचीच राहणार.

भटारी : शेठ तरी आभाळातून पडले का? माटुंग्याचे रामा नायक स्वयंपाकघरातल्या कामापासूनच वर आले. 1942 साली स्वतःचं उडुपी बोर्डिंग काढलं.

वेटर : ते वर आले म्हणून त्यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर भांडी घासणाऱ्या पोरांपैकी एकाचं नाव सांगा. आणि मामा, तुम्ही तर आपलंच म्हटलं होतं ना? मार्च 2020 मध्ये शटर पडलं. गिऱ्हाइकाला आत बसून खायची परवानगी मिळाली ऑक्टोबरात. तेवढ्या दिवसांत शेठनं तुमची किती विचारपूस केली?

भटारी : एक फोन आला होता. कोठीच्या खोलीची किल्ली कुठे ठेवलीय, ते विचारायला.

(इथे पोराची सरशी झाली असं वाटेल. मला तसं वाटत नाही. निष्ठेचं फळ मिळतं, असं मामा म्हणतच नव्हते. आशा माणसाचं तोंड बंद करते, एवढंच ते सांगत होते, आणि त्या फोनानं ते खोटं ठरत नाही. फार तर इतकं कळतं की आशा सोडलेल्या माणसाचंही तोंड उघडेलच असं नाही.)

वेटर : बरं, मागायचं म्हटलं तरी कुणाच्या जोरावर? आपण सगळे मिळून नऊ जण. 2017 साली दुकानं आणि हॉटेलांचा नवा कायदा झाला. आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट मजुरी, सगळं त्यात आहे. पण आपल्याएवढी थोडी माणसं असतील तर शेठनं नुसती माहिती कळवली की भागतं. पीएफला तर वीस माणसं लागतात.

भटारी : एवढं पाठ आहे तुला?

वेटर : परीक्षेसाठी केलं होतं.

भटारी : मग नऊ जणांनी मिळून शेठसमोर जाऊ.

वेटर : नवातले सात दिवाळीनंतर इथं नसतील. एक ग्राउंडला, एक पुण्याहून सुरतेला, एक घरच्या सोयाबीनला. तुम्ही म्हणता तेच खरं करतोय मी, मामा. प्रत्येक जण शहाणपणानं स्वतःची सुटका बघतो, आणि त्यामुळेच कुणाचीच होत नाही. पण म्हणून मी एकट्यानं थांबलो तर मूर्खच ना?

भटारी : थांब असं म्हणत नाही मी. जा. पण तू गेलास तरी या सहा टेबलांना वेटर लागणारच. तुझ्या गावचाच कुणी येईल, कदाचित तुझा धाकटा भाऊ. तो कुठल्या पगारावर लागेल? तू जिथं गप्प बसलास, तिथून.

वेटर : म्हणजे जायचंय म्हणूनच मागायचं?

भटारी : ज्याला जायचंय त्याला शेठ काय करणार? काढून टाकतील? भीती मला आहे. या वयात मला दुसरीकडे भट्टी कोण देईल? तुझ्याकडे निदान पळायला ग्राउंड आहे.

वेटर : आणि भरतीच निघाली नाही तर?

भटारी : तर मागितलेली सुट्टी तुझ्याच कामी येईल.

पोरानं यावर काय केलं ते मी रचलं नाही, कारण माझ्या ओळखीच्या मुलांनी दोन्ही केलं आहे. माझा कौल विचाराल तर तो भटाऱ्याच्या शेवटच्या बोलण्याला आहे, पहिल्याला नाही. बाविसाव्या वर्षी कुणाला ‘हेच तुझं काम, मान्य कर’ असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. मात्र उद्याच्या नोकरीच्या नावाखाली आजची मजुरी सोडून देणं, याला मी महत्त्वाकांक्षा म्हणणार नाही. आणि याचा दोष पोरांपेक्षा आपल्याकडे अधिक जातो. टेबलावर चहा ठेवणाऱ्या पोराला आपण कौतुकानं विचारतो, ‘शिकतोस ना? पुढे काय करणार?’ पुढच्या वेळी त्याला हे विचारू नका. सुट्टी कोणत्या वारी असते ते विचारा, आणि नसते म्हणाला तर बिल देताना गल्ल्यावरच्या माणसालाही तेच विचारा.