चष्मा टाकावा काय?

व्याधि दूर करण्यासाठीं शस्त्रक्रिया करून घ्यावी किंवा नाहीं, याविषयीं आतां सहसा कोणी वाद घालीत नाहीं. मोतीबिंदूनें ज्याची दृष्टि मंदावत चालली आहे, त्याच्यापुढें दुसरा मार्गच नसतो. धोक्याचा प्रश्न निघाला तरी दुसऱ्या पारड्यांत अंधत्व असल्यामुळें निर्णयाला फार वेळ लागत नाहीं. परंतु ज्याचे डोळे निरोगी आहेत, ज्याला चष्म्यानें उत्तम दिसतें, आणि ज्याची तक्रार एवढीच आहे कीं तो चष्मा नाकावर बाळगावा लागतो, अशा मनुष्यानें तो टाकण्यासाठीं डोळ्यावर लेसरची क्रिया करून घ्यावी काय, हा प्रश्न निराळ्या जातीचा आहे. मुलगा किंवा मुलगी वीस-बावीस वर्षांची झाली म्हणजे मध्यम स्थितींतील पुष्कळ कुटुंबांत आज तो निघूं लागला आहे. तो वैद्यकाचा प्रश्न आहे, तसाच नीतीचाही आहे. आणि त्याच्या या दुसऱ्या अंगाचाच येथें विशेष विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही क्रिया काय आहे तें पाहूं. दूरचें कमी दिसणाऱ्या मनुष्याचा डोळा बहुधा किंचित् लांबट असतो. त्यामुळें दूरच्या वस्तूची प्रतिमा आंतल्या पडद्यावर न पडतां त्याच्या अलीकडे पडते. डोळ्याच्या अग्रभागीं जें पारदर्शक पटल असतें, तें मध्यभागीं सुमारें अर्धा मिलिमीटर जाड असून प्रकाशकिरण वळविण्याच्या डोळ्याच्या एकंदर शक्तीपैकीं जवळजवळ दोन-तृतीयांश शक्ति त्याच्याकडे असते. या पटलाचा बाक कमी केला म्हणजे प्रतिमा मागें सरून पडद्यावर येते. लॅसिक या पद्धतींत पटलाचा वरचा पातळ पापुद्रा कापून बाजूस उलटतात, खालचा भाग लेसरनें हवा तितका झिजवितात, आणि पापुद्रा पुन्हां जागच्या जागीं बसवितात. एक नंबर उतरविण्यास पटलाचे सामान्यतः बारा ते पंधरा सहस्रांश मिलिमीटर खर्चीं घालावे लागतात. नंबर जितका मोठा, तितका हा खर्च अधिक. आणि जें एकदां खर्चीं पडलें तें परत मिळत नाहीं. चष्मा न आवडल्यास काढून ठेवतां येतो, या क्रियेला तशी सोय नाहीं. आमच्या प्रश्नाचें मूळ येथेंच आहे.

या विद्येचा इतिहासही लक्षांत घेण्यासारखा आहे. गेल्या शतकाच्या मध्यास जपानांत साटो यांनीं पटलाला आंतून व बाहेरून चिरा देऊन नंबर उतरविण्याचे प्रयोग केले. आरंभीं फळ चांगलें दिसलें. परंतु पटलाच्या आंतल्या थराचें महत्त्व त्या वेळीं कळलेलें नसल्यामुळें, पुढें कित्येक वर्षांनीं पुष्कळ रोग्यांचें पटल गढूळ झालें. १९७० नंतर मॉस्कोंत फ्योदोरोव यांनीं केवळ बाहेरून चिरा देण्याची पद्धत प्रचारांत आणली. अमेरिकेंत अशा डोळ्यांचा दहा वर्षें मागोवा घेण्यांत आला, तेव्हां शेंकडा ४३ डोळे एक नंबर किंवा त्याहून अधिक उलट दिशेस सरकलेले आढळले. लेसरचा मार्ग याहून पुष्कळ सुरक्षित निघाला. १९८१ च्या नोव्हेंबरांत आय. बी. एम. कंपनीच्या अमेरिकेंतील प्रयोगशाळेंत, मद्रासेस जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन् यांनीं सणाच्या मेजवानींतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर हा लेसर चालविला, आणि आजूबाजूचा भाग न भाजतां तो अत्यंत सूक्ष्म छेद घेतो असें दिसून आलें. १९८३ त स्टीफन ट्रोकेल यांच्यासह त्यांनीं पटलावरील प्रयोगांची हकीकत प्रसिद्ध केली, व त्याच दशकाच्या अखेरीस मनुष्याच्या डोळ्यावर ही क्रिया सुरू झाली. आज तिच्यामागें तीन दशकांहून अधिक काळाचा अनुभव आहे. तेव्हां साटो यांच्या रोग्यांची गति आजच्या रोग्यांची होईल, असें म्हणणें अन्यायाचें होईल. मात्र डोळ्याच्या बाबतींत ‘चांगलें झालें’ हा निकाल दुसऱ्या दिवशीं सकाळीं लागत नसतो, एवढा बोध या इतिहासांतून घेण्यास हरकत नाहीं.

या क्रियेविरुद्ध नेहमीं घेण्यांत येणारे दोन आक्षेप आम्हांस लटके वाटतात. ‘देवानें दिलेल्या शरीरांत ढवळाढवळ कशास?’ हा पहिला. चष्मा तरी देवानें कोठें दिला आहे? ज्यानें चष्मा स्वीकारला, त्यानें निसर्गावर मात करण्याचें तत्त्व आधींच मान्य केलें आहे. ‘हा सारा सौंदर्याचा हव्यास’ हा दुसरा. ज्याचा नंबर सहा-सात आहे, तो सकाळीं उठल्यावर प्रथम चष्मा चांचपतो. पावसांत दुचाकी चालवितांना त्याच्या कांचांवरून पाणी वाहतें. पोहण्यास उतरल्यावर कांठावरचीं आपलीं माणसें त्याला ओळखूं येत नाहींत. हा त्रास लहान असेल, पण तो रोजचा आहे. शिवाय डोळ्यावर बसविण्याचीं भिंगें वापरणारांसही धोका चुकलेला नाहीं. तीं तशींच ठेवून झोंपण्याच्या संवयीनें पटलास जंतुसंसर्ग होऊन दृष्टि जाऊं शकते. तेव्हां कांहीं न करणें म्हणजे सर्वस्वीं निर्धास्त असणें, असेंही नव्हे.

खरी अडचण निराळी आहे. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याच्या पुढाकारानें झालेला एक अभ्यास २०१७ त प्रसिद्ध झाला. त्यांत शेंकडा ९५ हून अधिक लोकांनीं आपल्या दृष्टीविषयीं समाधान व्यक्त केलें. परंतु त्याच अभ्यासांत, पूर्वीं ज्यांना दिव्याभोंवतीं वलयें, प्रकाशाचे फांटे किंवा दुहेरी प्रतिमा दिसत नसत, अशांपैकीं शेंकडा चाळीसांहून अधिक लोकांना तीन महिन्यांनीं असें कांहींतरी नव्यानें दिसत होतें. बहुतेकांना त्याचा फारसा अडथळा होत नव्हता. नित्याच्या कामांत फार अडचण येणारे शेंकडा एकाहूनही कमी होते. ही क्रिया प्रचारांत येत असतां त्याच खात्यांत जबाबदारीच्या जागीं असलेले मॉरिस वॅक्सलर यांनीं निवृत्तीनंतर, २०११ त, दिलेली मान्यता काढून घ्यावी असा अर्ज केला. खात्यानें मान्यता काढली नाहीं; परंतु रोग्यास धोके अधिक स्पष्टपणें सांगावे, अशा सूचनांचा मसुदा त्यानें २०२२ त प्रसिद्ध केला.

आतां या आंकड्यांचें काय करावयाचें? शेंकडा एक हा भाग लहान खरा. परंतु ज्याच्या वांट्यास तो येतो, त्याच्या वांट्यास तो सबंध येतो. कोरडेपणानें दिवसभर चुरचुरणारा डोळा, किंवा पटल दुबळें होऊन हळूहळू पुढें येणारा फुगवटा, हें दुःख शंभर जणांत वांटून घेतां येत नाहीं. मोतीबिंदूच्या रोग्यावर असा प्रसंग आला तर तो म्हणूं शकतो कीं, दुसरा उपायच नव्हता. निरोगी डोळ्याच्या मनुष्याला तें समाधानही मिळत नाहीं. म्हणून ‘यश येण्याचा संभव किती?’ एवढेंच न विचारतां, ‘उद्यां अपयश माझ्याच वांट्यास आलें, तरी ज्या कारणासाठीं मीं हें केलें तें कारण मला तेव्हांही पुरेसें वाटेल काय?’ असें ज्यानें त्यानें स्वतःस विचारावें. अग्निशामक दलांत जाऊं इच्छिणारा तरुण याचें उत्तर ‘होय’ असें देऊं शकेल. ज्याला चष्म्याचा खरोखरच रोज जाच होतो, तोही देऊं शकेल. चार मित्रांनीं केलें म्हणून निघालेला मनुष्य तें देऊं शकेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

यांतूनच दुसरा प्रश्न उपस्थित होतो: इच्छा कोणाची? आपल्या समाजांत मुलीच्या चष्म्याची चिंता मुलीपेक्षां तिच्या आईस व मावशीस अधिक असते, ही गोष्ट कोणीही नाकारणार नाहीं. मुलाच्या चष्म्याला विद्वत्तेचें चिन्ह समजणारी मंडळीच मुलीच्या चष्म्याला उणीव समजतात. अशा घरांत स्थळें पाहावयास आरंभ करण्यापूर्वीं ‘तेवढें डोळ्यांचें उरकून घेऊं’ असें ठरतें, आणि अठरा वर्षें पुरीं झालेली मुलगी संमतिपत्रावर सही करते. कायद्याच्या दृष्टीनें ती संमति पुरी असेल. नीतीच्या दृष्टीनें ती पुरी आहे काय? पटल तिचें, धोका तिचा, आणि प्रयोजन मात्र लोकांच्या नजरेचें! जें घर चष्मा पाहून मुलगी नाकारतें, त्या घराची परीक्षा चष्म्यानें फुकटांत करून दिली, असें समजून आईबापांनीं स्वस्थ राहावें, हें आमचें स्पष्ट मत आहे. मुलीला स्वतःला ही क्रिया हवी असेल, तर ती लग्न ठरल्यावर किंवा झाल्यावरही करतां येईल. इच्छा खरी असेल तर ती तेवढा काळ टिकेल.

तिसरी गोष्ट वयाची. मराठींत वाचण्याच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात, तें यथार्थ आहे. वयोमानानें डोळ्यांतील भिंगाची लवचिकता जाते, आणि लेसरनें पटल घडविलें म्हणून ती जावयाची राहत नाहीं. दोन-तीन नंबर असलेली आजी चष्मा कपाळावर सारून तांदूळ निवडते व सुईंत दोरा ओंवते. जो दोष म्हणून तिनें जन्मभर वागविला, तोच उतारवयांत तिच्या उपयोगीं पडतो. पंचविशींत तो नंबर पुसून टाकणारानें पन्नाशींतील स्वतःची ही सोयही पुसून टाकलेली असते. तसेंच डोळ्याची लांबी कायम राहत असल्यामुळें पडदा सुटण्याचा धोका नंबराबरोबर जात नाहीं, आणि पुढें मोतीबिंदूच्या वेळीं कृत्रिम भिंगाचें गणित करण्यास पूर्वींचीं मापें उपयोगीं पडतात. म्हणून तीं जपून ठेवावीं लागतात.

राहतां राहिला सल्ला देणारा. ज्याचें उत्पन्न आपल्या होकारावर अवलंबून आहे, त्याचा सल्ला प्रामाणिक असूं शकत नाहीं, असें नाहीं. पण एकट्या त्याच्यावरच विसंबूं नये. नंबर वर्षभर स्थिर राहिला आहे काय, पटल पुरेसें जाड व घाटदार आहे काय, डोळे मुळांतच कोरडे आहेत काय, हें पाहून जो नेत्रवैद्य ‘तुम्ही करूं नका’ असें सांगतो, तो एक गिऱ्हाईक गमावून आपला धर्म पाळतो. त्याच्या नकारावर रागावून दुसरीकडे होकार शोधणें हा शहाणपणा नव्हे.

तेव्हां ‘चष्मा टाकावा काय?’ याला सर्वांस लागू पडेल असें उत्तर आम्ही देऊं शकत नाहीं, व तें कोणी देऊंही नये. ज्याची इच्छा स्वतःची आहे, ज्याचें पटल त्या योग्य आहे, आणि अपयश आल्यास तें दुसऱ्याच्या माथीं न मारतां सोसण्याची ज्याची तयारी आहे, त्यानें खुशाल टाकावा. त्याला नांवें ठेवण्याचा कोणास अधिकार नाहीं. यांपैकीं एकाही बाबतींत ज्याचें मन साशंक आहे, त्यानें थांबावें. नवी फ्रेम करून घेण्यास आज कांहीं अडचण नाहीं. आणि क्रियेचा विचार पुढच्या वर्षीं पुन्हां करतां येईल.