दुसऱ्याच्या घरचं सांत्वन

ज्या धर्मावर आपला विश्वास नाही, त्या धर्मातून धीर घेणं प्रामाणिकपणाचं आहे का? दोन वर्षांपूर्वी कुणी मला हे विचारलं असतं, तर मी तो चहाच्या टपरीवर वाद घालण्याचा विषय समजलो असतो. आज तो आमच्या घरातला प्रश्न आहे, आणि तो मला माझ्या वडिलांनी विचारला आहे.

आमचं गाव एकोडी. भंडारा जिल्हा, साकोली तालुका. धानाचा मुलूख. घर बौद्ध. दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे होते आणि हरले, ही गोष्ट बाबा आजही घरातली हार असल्यासारखी सांगतात. मी इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. देव, प्रार्थना, नवस यांतलं काही आमच्याकडे नव्हतं, आणि त्याची उणीवही कधी वाटली नव्हती.

त्या वर्षी रोवणीच्या दिवसांत मायचा फोन आला. "बाबू, दोन दिवसापासून आंग तपते." माझं रिलीज तोंडावर होतं. मी म्हणालो, "गोळी घे, पावसात भिजू नको, उद्या फोन करतो." तो उद्या तीन दिवसांनी आला. तोपर्यंत संसर्ग रक्तात पसरला होता. तिला शंभरेक किलोमीटरवर नागपूरला आणलं. सहाव्या रात्री ती गेली.

त्या रात्री अतिदक्षता विभागाबाहेर मी एकटाच होतो. बाबांना गावाकडून आणायला चुलतभाऊ गेला होता. ड्युटीवरची सिस्टर छत्तीसगडची होती, जशपूरकडची. मी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होतो : तीन दिवस आधी आणलं असतं तर? ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. आतून चहाचा कप घेऊन आली आणि म्हणाली, "अभी कुछ मत सोचिए भैया, पहले ये पी लीजिए." मग थोडा वेळ शेजारच्या खुर्चीवर बसली. तिच्या हातात जपमाळ होती. ओठ हलत होते, पण मला ऐकवण्यासाठी नव्हे. बोलावणं आलं तशी उठून गेली. नंतर कधी भेटली नाही.

आमच्या कामात काही कोसळलं की आम्ही मूळ कारण शोधतो. प्रत्येक 'का'च्या खाली आणखी एक 'का' विचारत जायचं, ते थेट त्या एका ओळीपर्यंत. मायच्या बाबतीत मी महिनोन्‌महिने तेच केलं. फोनच्या नोंदी, तारखा, वेळा. दर वेळी शेवटी हाती यायचं ते एकच नाव, माझं. भेटायला येणारे उलटी वाट धरायचे : "तुझी काही चूक नाही", "तिची वेळच आली होती". त्यांचा हेतू चांगला होता, पण ते खोटं आहे हे मला माहीत होतं. माझी चूक होती. ती किती मोठी, हे डॉक्टरलाही सांगता येणार नाही, पण होती. मला निर्दोष ठरवणारा धीर मला नकोच होता.

पुण्यात एका रात्री झोप येईना, तेव्हा फोनवर मराठी बायबल उघडलं. कुतूहल त्या सिस्टरबद्दल होतं : खुर्चीवर गप्प बसायला ही कुठून शिकली असेल? पुढे काही आठवडे मी ते वाचत राहिलो. नंतर छापील प्रतही घेतली.

ईयोबाचं पुस्तक मला बायबलमधलं सर्वांत इंजिनिअरी पुस्तक वाटलं. त्याची मुलं मरतात, संपत्ती जाते, अंगभर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. एक शब्द बोलत नाहीत. मग तोंड उघडतात आणि कारणं देऊ लागतात : तुझं काहीतरी चुकलं असणार, त्याशिवाय असं होत नाही. पुढची पानंच्या पानं हाच मूळ कारणाचा शोध आहे. शेवटी देव बोलतो तेव्हा रागावतो तो या स्पष्टीकरण देणाऱ्या मित्रांवर. त्यांचे पहिले सात दिवसच खरे होते.

योहानाच्या शुभवर्तमानात एक जन्मांध माणूस दिसतो, तेव्हा शिष्य विचारतात : पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू हा प्रश्नच नाकारतो आणि त्या माणसाकडे वळतो. लाजर मेल्यावर त्याच्या बहिणी येशूला म्हणतात की तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. अगदी माझंच वाक्य. आता तो लाजराला उठवणार आहे, आणि त्याला ते ठाऊक आहे. तरी तो आधी रडतो. पुढच्या चमत्कारावर माझा विश्वास नाही. पण आधीच्या रडण्यावर आहे. उत्तर माहीत असलेलाही आधी रडतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि पेत्र. गुरूला पकडून नेलं त्या रात्री त्याने तीनदा सांगितलं, मी या माणसाला ओळखत नाही. यात चूक कुणाची, याला चौकशीची गरजच नाही. नंतर एका पहाटे तळ्याकाठी येशू त्याला पुन्हा भेटतो. कोळशावर मासे भाजून ठेवलेले आहेत. आधी न्याहारी होते. त्यानंतर तीन प्रश्न, तिन्ही वेळी तोच : तुझं माझ्यावर प्रेम आहे का? पेत्राने हो म्हटलं की प्रत्येक वेळी एक काम : माझ्या मेंढरांची काळजी घे. चूक पुसली जात नाही. तीन नकारांसमोर तीन प्रश्न उभे राहतात, म्हणजे ती मोजलेलीही आहे. पण ती शेवटची ओळ ठरत नाही. तिच्यानंतर जेवण आहे, आणि काम आहे.

मार्गदर्शन म्हणतात ते मला एवढंच दिसलं. आकाशवाणी नाही, आयुष्याचा नकाशाही नाही. मरण मागत झुडपाखाली निजलेल्या एलीयाला देवदूत तत्त्वज्ञान सांगत नाही; भाकर आणि पाणी देतो, उठून खा म्हणतो. पुढे डोंगरावर देव त्याला वादळात भेटत नाही, भूकंपात नाही, आगीत नाही. त्या सगळ्यानंतरच्या अगदी हलक्या आवाजात भेटतो. माझ्या बाबतीत त्या हलक्या आवाजात काय होतं, तर बाबा एकोडीला एकटे जेवतात एवढंच. मी महिन्यातले दहा दिवस गावाहून काम करण्याची परवानगी मागितली. मिळाली. नेटवर्क गच्चीवर येतं, दुपारी लॅपटॉप तापतो, पण चालतं.

अशाच एका मुक्कामात बाबांना माझ्या पिशवीत ते पुस्तक सापडलं. "हे काय होय, बाबू? तू किरिस्ताव होनार आहेस का?" आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ती रेल्वेवाट आमच्याच भंडारा जिल्ह्यातून जाते. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना शांती मिळाली, आणि त्याच घटनेने लक्ष्मीबाईंचा संसार उधळला. 'स्मृतिचित्रे'त ती ताटातूट वाचताना हसू येतं आणि घसा दाटतो. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो मात्र स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या गतीने. त्यातून मी एवढं शिकलो : एकाचा धीर हे दुसऱ्याचं दुःख होऊ शकतं, आणि त्याची जबाबदारी धीर घेणाऱ्यावर असते. म्हणून बाबांपासून काही लपवायचं नाही, हे मी ठरवलं.

"नाही होणार," मी म्हणालो. कारणही सांगितलं. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि दीक्षा १९५६ साली घेतली. एकवीस वर्षं त्यांनी वाचलं, तपासलं. धर्म ही अशी, जागेपणी घ्यायची गोष्ट आहे. शोकात माणूस कोणताही हात धरतो. त्या हाताचे उपकार मानावेत, पण त्यालाच निर्णय म्हणू नये. आणि निर्णय घेतला नाही म्हणून उपकार नाकारू नयेत, हेही तितकंच खरं. येशू देवाचा पुत्र होता असं मी मानत नाही. पण त्याची माणसं दुःखी माणसाजवळ कसं बसावं हे जाणतात, आणि ते मी त्यांच्याकडून घेतलं आहे. हे उघडपणे सांगितलं तर ती चोरी होत नाही, असं मला वाटतं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मायच्या पुण्यानुमोदनाला भंतेजींनी किसा गोतमीची कथा सांगितली होती : मेलेलं मूल घेऊन औषध मागणाऱ्या आईला बुद्ध मोहरी आणायला पाठवतात, पण जिथे कधी कुणी मेलं नाही अशा घरातली. त्या दिवशी मला ती कथा म्हणजे धडा वाटली होती : मृत्यू सर्वांनाच आहे, समजून घे. आता वाटतं, बुद्धानेही तिला धडा दिला नव्हता. दारोदार पाठवलं होतं. प्रत्येक दारात कुणीतरी आपलं मेलेलं माणूस तिला सांगितलं असेल. संध्याकाळी ती परतली तेव्हा ती एकटी राहिलेली नव्हती. हे मला दिसलं ते दुसऱ्याच्या घरून परत आल्यावर.

बाबांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "तो मानूस खरंच रडला म्हनतेस? मेलेल्याले उठवनार होता, तरी?"

"हो."

"मंग मी त कायले लपवून रडतो गा," ते म्हणाले, आणि त्यांनी पुस्तक माझ्या पिशवीत परत ठेवलं. मायच्या मृत्यूनंतर आम्ही दोघं त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांसमोर रडलो. मग मी उठलो आणि चहा मांडला.