त्याने काम मागितले होते



काही महिन्यांपूर्वी झारखंडहून आलेला एक तरुण धर्मगुरुनिवासात आला. "फादर, काही काम असेल तर द्या," एवढेच म्हणाला. मी त्याला जेवू घातले, शंभर रुपये दिले आणि वाटेला लावले. त्याने मागितले होते काम. मी दिली भिक्षा. ही गोष्ट मनाला अजून टोचते.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 'एमाज् टॉर्च' ही सेवाभावी संस्था २०१७ साली केरी ब्रोडी यांनी सुरू केली. देश सोडून यावे लागलेल्या निर्वासितांना ती स्वयंपाकाचे शिक्षण देते. शिकतानाच वेतन मिळते. इंग्रजी शिकवतात, मुलाखतीची तयारी करून घेतात, नोकरी शोधायला मदत करतात. घरदार मागे राहते, पण हाताची चव माणसाबरोबर येते. परक्याच्या हाती धारदार सुरी देणे हा केवढा विश्वास! अन्नाचे पाकीट देताना तो लागत नाही.

बाराव्या शतकातील यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला कामधंदा मिळवून देऊन स्वतःच्या पायांवर उभे करणे.

जुन्या करारातील रूथ ही मवाबी, म्हणजे परकी विधवा. बवाजने तिला आपल्या शेतात सरवा वेचू दिला, मजुरांसोबत जेवायला बसवले आणि तिला कुणी लाजवू नये अशी ताकीद दिली. त्याच रूथचे नाव संत मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत नोंदवले आहे.

आपल्यातील कित्येकांची मुले आज आखातात, कॅनडात आहेत. तेथे त्यांनाही कुणीतरी पहिली संधी दिली. मग आपल्या दारी आलेल्या परप्रांतीयाकडे आपण संशयाने का पाहावे? ज्यांचा केटरिंगचा व्यवसाय वा वर्कशॉप आहे, त्यांनी एका तरी गरजूला शिकाऊ म्हणून ठेवावे आणि शिकण्याच्या दिवसांचाही पगार द्यावा. ज्यांना हे शक्य नाही, त्यांनी काम शोधणाऱ्याचे नाव कार्यालयात कळवावे.

तो तरुण मला पुन्हा दिसला नाही. तुमच्यापैकी कुणाच्या दारी आला, तर त्याला रिकाम्या हाती पाठवू नका, आणि नुसत्या भरल्या पोटीही पाठवू नका.

प्रभू तुम्हांस आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू