शिडीची किंमत

दिवाळीच्या सुट्टीत सापशिडीचा पट ज्या घरात उघडला जात नाही, असे मराठी घर पूर्वी शोधूनच काढावे लागले असते. या पटाचे जुने नाव मोक्षपट. त्यातल्या शिड्यांना सद्‌गुणांची नावे असत, सापांना दुर्गुणांची; आणि परंपरेने तर त्याचे कर्तृत्व थेट ज्ञानेश्वरांनाच देऊन टाकले आहे. परंतु त्या पटावर आणखी एक नीती होती, जी कोणत्याच घरात लिहिलेली नसे. फासा सर्वांना सारखा पडे. गिरणीच्या मॅनेजरचा मुलगा आणि साचेवाल्याचा मुलगा एकाच घरातून निघत, आणि शेवटाजवळचा तो मेला साप दोघांनाही सारख्याच निःपक्षपातीपणाने गिळी. शिडी लागली तर लागली. ती विकत मिळत नसे.

आज शिडी विकत मिळते. मोबाइलवरचा खेळ घेताना एक पैसा पडत नाही. पहिले दोन-तीन दिवस मूल भराभर वर चढते, प्रत्येक पावलाला नगारे वाजतात, नाण्यांचा पाऊस पडतो. मग हळूच एक जागा अशी येते, की तिथून पुढे सरकता सरकत नाही. खेळगड्याची ‘शक्ती’ संपलेली असते. ती परत यायला काही तास थांबावे, किंवा थोडे हिरे विकत घ्यावेत! हिरे खोटे, पण त्यांचे पैसे खरे. शिवाय रुपयांचे आधी हिरे आणि हिऱ्यांची मग तलवार, असा दुहेरी व्यवहार असल्यामुळे तलवारीला नेमके किती रुपये पडले, हे मुलालाही उमगत नाही आणि त्याच्या बापालाही.

या बाजाराचा आरंभ तसा विनोदी होता. २००६ साली एका अमेरिकन कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या आपल्या खेळातल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढले. किंमत अडीच डॉलर. विकत घेतलेल्या खेळातल्या घोड्याला पुन्हा पैसे मोजून अंगरखा शिवायचा, म्हणून लोक खूप हसले. पण दुकानदाराला हसण्याचा आवाज ऐकू येत नाही, गल्ल्याचा येतो. पुढे बंद पेट्या आल्या. पैसे भरा, पेटी उघडा, आत काय निघेल ते तुमचे नशीब. इंग्रजीत त्यांना ‘लूट बॉक्स’ म्हणतात. ‘लूट’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला, तो या रूपाने व्याजासकट परत आला. २०१७ साली ‘स्टार वॉर्स : बॅटलफ्रंट २’ या खेळातल्या अशा पेट्यांवरून जगभर गदारोळ उठला, आणि २०१८ साली बेल्जियमने अशा विकतच्या पेट्या म्हणजे जुगारच होय, असे ठरवले.

माझ्या भाच्याला माझे हे बोलणे पटत नाही. “मामा,” तो म्हणतो, “खेळ काय झाडाला लागतात? शेकडो माणसं चार-चार वर्षं राबतात. आणि मी दोन वर्षं एक पैसा न देता खेळलो. ज्यांच्याकडे आहेत ते देतात, म्हणून माझ्यासारख्याला फुकट मिळतं. तुमच्या वेळी महागडा खेळ घ्यायची ऐपत किती पोरांची होती?”

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पूर्व भागातल्या एखाद्या खोलीत, विडी वळणाऱ्या आईच्या जुन्या फोनवर मूल तोच खेळ खेळते, जो टोकियोतले मूल खेळते, ही समता लहानसहान नव्हे. आणि श्रमाला मोल हवे, हे सोलापुरात कुणी कुणाला सांगायचे? मग आक्षेप नेमका कशाला घ्यायचा?

मला वाटते, आक्षेप पैशाला नाही. अडचणीच्या हेतूला आहे. प्रत्येक खेळात अडचण असतेच. लगोरी रचताना चेंडू पाठीत बसणार नसेल, तर लगोरीत मौज ती काय? ती अडचण खेळणाऱ्याची कसोटी पाहते, आणि ती ओलांडल्यावर त्याचे बळ थोडे वाढलेले असते. पण शक्ती संपल्याची जी अडचण मघाशी सांगितली, ती कौशल्याने ओलांडताच येत नाही. ती ओलांडावी अशी रचणाऱ्याची इच्छाच नाही. तिचा कंटाळा यावा आणि हात खिशाकडे जावा, एवढ्यासाठीच ती तिथे आहे. पहिली कसोटी झाली, दुसरी अडवणूक. ज्याने आनंद निर्माण करायचा, तोच मोजूनमापून कंटाळा निर्माण करू लागला आणि त्यावरचा उतारा विकू लागला, की व्यवहार कायदेशीर असला तरी नीतीचा राहत नाही. ज्यांच्या पैशावर भाच्याला खेळ फुकट मिळतो, त्यांच्यातले किती जण आनंदाने देतात आणि किती जण हतबल होऊन, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

कुणी म्हणेल, आपल्या गड्ड्याच्या जत्रेत काय वेगळे असते? संक्रांतीला होम मैदानावर कड्या फेकण्याचे दुकान लागते. कडी बेताचीच असते, वस्तू मोठी असते, हे सर्वांना ठाऊक असते. खरे आहे. पण तो दुकानदार तोंडासमोर उभा असतो, चार माणसे पाहत असतात, खिशातली चिल्लर संपली की बाप कान धरून घरी नेतो, आणि मुख्य म्हणजे जत्रा उठते. ही नवी जत्रा उठत नाही. ती मुलाच्या उशाशी झोपते आणि पहाटे त्याच्याआधी जागी होते.

दुसरी गोष्ट मालकीची. आमच्या गावची चादर एकदा घेतली की घेतली. ती विटेल, विरेल, पण विणणारा मध्यरात्री येऊन ती अंगावरून ओढून नेत नाही. खेळांच्या बाबतीत नेमके हेच घडते. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ साली ‘द क्रू’ नावाचा मोटारशर्यतीचा खेळ विकला, आणि ३१ मार्च २०२४ रोजी आपली यंत्रे बंद केली. ज्यांनी पूर्ण दाम मोजले होते, त्यांच्याही हातात काही उरले नाही. त्यातून युरोपात उभ्या राहिलेल्या चळवळीच्या अर्जावर २०२५ साली १० लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. एवढे लोक एका शर्यतीसाठी हळहळले असतील असे मला वाटत नाही. विकत घेणे या शब्दाला काही अर्थ उरावा, एवढेच त्यांचे मागणे असावे.

बरे, हा पैसा राबणाऱ्याला तरी मिळतो का? मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या ऑक्टोबरात सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही खेळांची प्रचंड कंपनी घेतली, आणि २०२४ च्या जानेवारीत आपल्या खेळविभागातल्या १,९०० माणसांना घरी पाठवले. १८७७ साली उभी राहिलेली आपली जुनी गिरणी ज्या गावाने बंद पडताना पाहिली, त्याला अशा बातमीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भोंगा नसलेली का होईना, ती गिरणीच.

आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. द्यूताने धर्मराजाची काय दशा केली, हे लहानपणापासून ऐकणाऱ्या देशाने तो करावा, हे ठीकच झाले. परंतु शकुनीला ओळखणे सोपे असते. तो फासे हातात घेऊनच बसतो. जो खेळ पैसे जिंकण्याची लालूच दाखवीत नाही, फक्त वाट अडवून बसतो, त्याला कायदा कुठवर पकडणार? तिथे घरानेच जागे राहिले पाहिजे.

म्हणून मुलाच्या हातून फोन हिसकावून घ्यावा, असे मी म्हणणार नाही. चांगले खेळही आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्याशा मंडळीने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट. त्यातल्या अडचणी राजीने सोसायच्या, खेळणाऱ्याने कौशल्याने ओलांडायच्या. भाऊबीजेला भावाबहिणींनी शेजारी बसून खेळावा, असा तो खेळ आहे.

या दिवाळीत मुलाशेजारी अर्धा तास बसून पाहा. तो कुठे अडला, की रागावू नका आणि पैसेही देऊ नका. एवढेच विचारा, “बाळ, ही अडचण इथे कुणी घातली असेल? आणि कशासाठी?” मुले आपल्या समजुतीपेक्षा फार लवकर उत्तर देतात.