भाव कोणी करावा?

कोलकात्याच्या बडाबाजारात योगीन नावाचा एक तरुण लोखंडी कढई घ्यायला गेला. दुकानदाराला त्याने देवाधर्माची आठवण करून दिली, चांगली बघून दे म्हणाला आणि हाती आलेली कढई न तपासता घेऊन आला. ती तडकलेली निघाली. हे कळल्यावर श्रीरामकृष्ण त्याच्यावर रागावले. भक्त झाला म्हणून माणसाने बावळट का व्हावे, दुकानदार काय धर्म करायला बसला आहे, असे त्यांनी विचारले. चार दुकाने फिरून भाव काढ, वस्तू नीट पारखून घे आणि जिथे वरून थोडे जास्त देण्याची रीत असेल तिथे तेही मागून घे, असे त्यांनी बजावले. हा शिष्य पुढे स्वामी योगानंद झाला. स्वामी सारदानंदांनी ‘श्रीरामकृष्ण लीलाप्रसंग’ या चरित्रग्रंथात ही हकिकत सांगितली आहे, आणि धंतोलीत 1928 पासून असलेल्या रामकृष्ण मठाने हे वाङ्मय मराठीत आणल्यामुळे नागपूरच्या अनेक घरांत ती ठाऊक आहे.

याच धंतोलीत पावलापावलावर रुग्णालये आहेत. इथल्या डॉक्टरला गाडी घ्यायची असते तेव्हा शोरूममध्ये बसून घासाघीस करायला त्याच्याकडे ना वेळ असतो ना हौस. तो काम ओळखीच्या एजंटवर सोपवतो, नाहीतर हल्ली चार विक्रेत्यांचे भाव आणून देणाऱ्या एखाद्या ऑनलाइन सेवेवर. यात सोयीपलीकडचाही एक प्रश्न आहे. आपला भाव आपणच करणे हे गृहस्थाचे कर्तव्य की पैशाचा लोभ? आणि तो दुसऱ्याकडून करून घेणे ही अलिप्तता की जबाबदारीतून सुटका?

वारकरी घरांत या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर मुरलेले आहे. महिपतींनी लिहिलेल्या चरित्रात तुकोबा माल विकायला कोकणात जातात, गिऱ्हाइकावर विश्वास टाकतात, आणि परतीच्या वाटेवर एक ठग मुलामा दिलेली पितळी कडी सोन्याची म्हणून त्यांच्या गळ्यात मारतो. फसले ते तुकोबा, पण महाराष्ट्राने त्यांना मूर्ख ठरवले नाही. कर्जखते इंद्रायणीत सोडणाऱ्या माणसाकडून भावतोलाची अपेक्षाच कुणी केली नाही. तरीही कढईची गोष्ट बाजूला सारता येत नाही, कारण श्रीरामकृष्णांनी ती शिकवण प्रापंचिकाला नव्हे, पुढे संन्यास घेणाऱ्याला दिली होती. स्वतः फसायला तयार असणे ही एक गोष्ट. घरातल्या चौघांच्या पैशावर बेसावध राहणे ही दुसरी, आणि तिला वैराग्य म्हणता येत नाही.

भावतोलाचा खरा दोष खोटेपणात आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी तो नेमका पकडला. घ्यायच्या किमतीपेक्षा जास्त किंमत सांगणे म्हणजे खोटे बोलणे, असे मानून त्यांनी एकच भाव सांगायला सुरुवात केली. आधी गिऱ्हाइके तुटली. मग लोकांच्या लक्षात आले की या दुकानात लहान मूल पाठवले तरी त्याला तोच भाव मिळतो, आणि गर्दी वाढली. पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी हे लिहून ठेवले आहे. आपल्याकडे महाभारताच्या शांतिपर्वात तपाचा गर्व झालेला जाजली काशीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे धर्म शिकायला जातो. तुलाधाराची थोरवी एवढीच की त्याचा तराजू सर्वांना सारखा आहे.

गाडीच्या शोरूममधला तराजू सारखा नसतो. इयन एअर्स आणि पीटर सिगलमन यांनी शिकागो परिसरातल्या विक्रेत्यांकडे एकसारखे बोलायला शिकवलेली माणसे पाठवली. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गोऱ्या पुरुषांना सांगितलेला भाव स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना सांगितलेल्या भावापेक्षा कमी निघाला. गाडी तीच, शब्दही तेच. पुढे 2003 साली फियोना स्कॉट मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की इंटरनेटवरच्या खरेदी-सेवेमार्फत गेल्यावर अल्पसंख्य गिऱ्हाइकांना द्यावा लागणारा हा जादा भाव जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे ज्याला बोलता येत नाही, ज्याच्या कपड्यांवरून नाहीतर भाषेवरून त्याचा अंदाज बांधला जातो, त्याच्यासाठी अशी सेवा ही चैन नव्हे. आपला भाव आपण करावा हा उपदेश ज्याला तो करता येतो त्याच्या सोयीचा आहे.

आपल्याकडचा कोटेशनचा कागद जवळून पाहावा. वर एक्स-शोरूम किंमत. तिच्याखाली रोड टॅक्स, जो दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 11 टक्के आहे. मग विमा, फास्टॅग, वाढीव वॉरंटी, अ‍ॅक्सेसरीजचा संच आणि कधी कधी ‘हँडलिंग’ नावाची एक ओळ. टॅक्स हलत नाही. विमा मात्र बाहेरून घेता येतो, संच नाकारता येतो, हँडलिंग कशाचे ते विचारता येते. सेल्समन ‘साहेबांना विचारून येतो’ म्हणत आत जातो, आणि गिऱ्हाईक आपण न गेलेल्या शोरूमचा भाव सांगतो. खोटे दोन्हीकडून चालते.

शिवाय टेबलापलीकडच्या माणसाच्या हातात किती असते? ऑगस्ट 2021 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला 200 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मुंबई वगळता उरलेला महाराष्ट्र आणि गोवा या विभागाबद्दल आलेल्या एका निनावी ईमेलपासून ते प्रकरण सुरू झाले होते. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त सूट देणाऱ्या डीलरला दंड होत असे, आणि तो सूट देतो का हे तपासायला गिऱ्हाईक बनून माणसे पाठवली जात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. निष्कर्ष खरा धरला तर त्या काळात शोरूममध्ये तासन्‌तास घासाघीस करणारे कितीतरी जण अशा माणसाशी झुंजत होते, ज्याला हो म्हणायची मुभाच नव्हती.

मग सेवा घ्यावी का? घ्यावी, पण मधल्या माणसाला पैसे कोण देतो हे कळल्यावर. 1872 च्या भारतीय करार कायद्याची कलमे 215 आणि 216 मध्यस्थाला बांधून ठेवतात. मालकाला न सांगता त्याने व्यवहारात स्वतःचा फायदा साधला तर तो फायदा मागण्याचा हक्क मालकाला आहे. धंतोलीला हे समजावून सांगावे लागू नये. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे-घेणे वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीने निषिद्ध ठरवले, ते याच कारणाने. सल्ला रुग्णाला आणि मोबदला दुसऱ्याकडून, हे जर डॉक्टरला गैर वाटत असेल, तर विक्रेत्याकडून कमिशन घेणारी ‘मोफत’ गाडीसेवाही त्याने तितक्याच सावधपणे पाहायला हवी.

विदर्भाला हे नवीन नाही. कापसाच्या व्यवहारात दलाल नेमका कुणाचा, हा शेतकऱ्याचा जुना जाच. कारंज्याला 1886 मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि 1897 च्या वऱ्हाडच्या कायद्याने असे बाजार समितीच्या देखरेखीखाली आणले. पुढे रुमालाखाली बोटे दाबून ठरणाऱ्या भावाची जागा उघड लिलावाने घेतली. मध्यस्थ राहिला, पण त्याचा भाव चारचौघांना ऐकू येऊ लागला.

गाडीच्या बाजारात भाव उघड करण्याचे हे काम गिऱ्हाइकांनीच करायचे आहे. ज्याला जमते त्याने खुशाल स्वतः भाव करावा, पण न गेलेल्या शोरूमचे नाव न घेता. ज्याला जमत नाही त्याने मोबदला कुणाकडून घेतोस हे मध्यस्थाला आधी विचारून काम त्याच्यावर सोपवावे. आणि गाडी दारात आल्यावर किती रुपयांना पडली, कोणती ओळ काढून टाकायला लावली, हे शेजाऱ्यांना कागदासकट दाखवावे. पुढच्या महिन्यात त्याच शोरूममध्ये एकटी जाणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला त्या कागदाचा उपयोग होईल.