शिडी कुठाय?

मुंबईच्या गिरण्यांत साच्यावर पगार जास्त होता. पण साच्याजवळ आपल्या माणसाला उभं करत नव्हते. का, तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढावं लागायचं. अस्पृश्याचं उष्टं सूत कोण तोंडाला लावणार! सोबतचे सवर्ण कामगारच आडवे. आपण राहिलो सूतकताईत, कमी पगारावर. दार बंद होतं. पण दार होतं. धडक कुठं मारायची ते ठाऊक होतं.

आज पाठीवर कंपनीची पिशवी लावून मोटारसायकलवर धावणारी पोरं बघा. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात गिग कामगारांचा २०२०-२१ मधला आकडा ७७ लाख आहे. त्यांच्यावर मुकादम नाही. मोबाईलमधलं गणित काम वाटतं, भाव ठरवतं, खातं बंद करतं. काहीजण म्हणतात, बरं झालं, गणिताला जात नसते; मुकादमाला दस्तुरी चारण्यापेक्षा हे परवडलं. थोडं खरंय. पण तारे देणारं गिऱ्हाईक स्क्रीनवर नाव वाचतंच की.

समजा, नाही वाचलं. तरी सवाल उरतो: जो कुणालाच वर चढू देत नाही, तो न्यायानं वागला म्हणायचं का? मला नाही पटत. पाच वर्षं ऊनपावसात काढलेला आणि काल आलेला, दोघांचं काम तेच. गावी मयतीला गेला, की बिल्ला उतरला. दुसऱ्या कंपनीत गेला, की जुने तारे शून्य. १९३६ साली बाबासाहेबांनी लिहिलं, जात ही नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे. इथं गणित लिहिणारे वरच्या मजल्यावर, गणितावर धावणारे रस्त्यावर. मधे जिनाच बांधलेला नाही.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अपघात, आजारपण, म्हातारपण यांचा तीत विचार आहे. चांगलंय. (मेल्यावरची सोय झाली, जितेपणी पुढं सरकायचं काय?) कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्यात काढून टाकण्याआधी कारण आणि १४ दिवसांची नोटीस आहे. आपल्या पोरांनी याच्या पुढचं मागावं. केलेल्या कामाचा दाखला कामगाराच्या हातात हवा, दुसऱ्या कंपनीनं तो मानायला हवा. कचेरीतल्या जागा भरताना आधी रस्त्यावरच्यांना विचारायला हवं.

युनियनवाले म्हणतील, आधी भाव वाढवू, बढतीचं नंतर बघू. दोस्तहो, १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी साच्याचा सवाल पुढाऱ्यांपुढं ठेवला, तो संप चालू असतानाच.