कात्री आणि कुलूप

तोरणमाळ म्हटले की यशवंत तलाव, सीताखाई आणि थंड हवा आठवते. चित्रपटांवरील बंधनांचा आणि सातपुड्यातील या डोंगरी गावाचा काय संबंध, असे कोणीही विचारील. संबंध आहे. तोरणमाळ ज्या अक्राणी तालुक्यात आहे, तो तालुका उत्तरेला नर्मदेपर्यंत उतरत जातो. अक्राणी आणि शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यातील नर्मदाकाठची ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडितक्षेत्रात गणली गेली. ही भिल्ल-पावरा आदिवासींची गावे. त्यांच्यासारख्या धरणग्रस्तांच्या बाजूने एक नट चार शब्द बोलला आणि त्याच्या चित्रपटाला शेजारच्या राज्यात जागा उरली नाही.

मार्च २००६ मध्ये धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत वाढवण्यास परवानगी मिळाली. त्याविरुद्ध मेधा पाटकर दिल्लीत उपोषणाला बसल्या. एप्रिलमध्ये आमिर खान त्यांना भेटायला गेला. धरणाला आपला विरोध नाही, मात्र उठवलेल्या माणसांचे पुनर्वसन आधी व्हावे, एवढेच त्याचे म्हणणे होते. २६ मे रोजी त्याचा 'फना' प्रदर्शित झाला, पण गुजरातच्या चित्रपटगृहांनी तो लावला नाही. राजकीय कार्यकर्त्यांची निदर्शने चालू होती. आमिरने माफी मागावी, ही अट होती. त्याने ती मागितली नाही.

'फना'मध्ये नर्मदेचा एक थेंबही नाही. सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र त्याच्याकडे होते आणि ते साऱ्या देशात चालते. सरकारने बंदीचा आदेश काढला नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, पण न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. चित्रपटगृहांना संरक्षण हवे असेल तर त्यांनी ते पोलिसांकडे मागावे, असा त्याचा आशय होता. आदेशच नाही, तर रद्द काय करायचे? इथे कात्री चाललीच नव्हती. दाराला कुलूप लागले होते आणि किल्ली कोणाकडे आहे, हे कोणी सांगत नव्हते.

कलावंताच्या निर्मितीला अधिक मारक काय, सरकारची कात्री की समाजाचे कुलूप, हा प्रश्न या घटनेतून उभा राहतो.

कात्रीची बाजू आधी पाहू. ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांवर एक लहानसा माहितीपट केला. त्यात श्रीमंती आणि दारिद्र्य समोरासमोर ठेवले होते आणि मुंबईतील वेश्यावस्तीची दृश्ये होती. सर्वांनी पाहावा असे प्रमाणपत्र त्याला नाकारले गेले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असताना सरकार नमले आणि काटछाट न करता प्रमाणपत्र देण्यास तयार झाले. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर घरी गेला असता. अब्बास यांनी याचिका बदलून घेतली आणि पूर्वपरीक्षणाच्या तत्त्वालाच आव्हान दिले. भांडण आता त्यांच्या चित्रपटाचे राहिले नव्हते, ते पुढच्या प्रत्येक कलावंताचे झाले होते.

१९७० साली निकाल दिला तो सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी. नागपुरात शिकलेले आणि नागपुरातच वकिली केलेले हे न्यायमूर्ती. अब्बास तत्त्वाची लढाई हरले. चित्रपटाचे पूर्वपरीक्षण घटनाबाह्य नाही, असे न्यायालयाने ठरवले. पण त्याच निकालाने सेन्सॉरलाही मर्यादा घातली. निर्णय ठरलेल्या मुदतीत व्हावा, त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय असावी आणि विकृत मनाला काय वाटेल हे माप धरून कलाकृती तोलू नये. दाद मागण्यासाठी पुढे १९८३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरण आले. २०२१ मध्ये ते बंद झाले आणि आता थेट उच्च न्यायालयात जावे लागते. लहान निर्मात्याला हा मार्ग महाग आहे, पण मार्ग आहे. नर्मदा खोऱ्यातील लढ्याची चित्रनोंद करणारे आनंद पटवर्धन त्याच मार्गाने गेले. त्यांच्या 'वॉर अँड पीस'मध्ये बोर्डाने बरीच काटछाट सुचवली होती. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो जसाच्या तसा दाखवण्यास मुभा दिली.

कात्री वाईट नाही, असे यातून सुचवायचे नाही. 'गर्म हवा' बोर्डाने कित्येक महिने अडकवून ठेवला. इस्मत चुगताई यांच्या कथेवरचा, कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी लिहिलेला, फाळणीनंतर इथेच राहिलेल्या मुसलमान कुटुंबाचा हा चित्रपट दंगल घडवील, अशी भीती होती. पुढे त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला. भ्यालेल्या माणसाला औषधही विष वाटते, ते असे.

काहीजण म्हणतात की बंधनातूनच कला फुलते. चुंबन दाखवता येईना, म्हणून दोन फुले एकमेकांवर झुकली. युक्तिवाद चतुर आहे, पण फसवा आहे. गझलकार बहर, रदीफ आणि काफिया यांचे बंधन पाळतो. ते त्याने स्वतः पत्करलेले असते, लिहायला बसण्यापूर्वी त्याला ठाऊक असते आणि वाटले तर तो मुक्त कविता लिहू शकतो. सेन्सॉरचे बंधन कृती पूर्ण झाल्यावर येते आणि दुसरा कोणी घालतो. जमावाच्या बंधनाला तर नियमच नसतो. उद्या कोण दुखावेल, हे माहीत नसलेला कलावंत कल्पनाशक्ती वाढवत नाही, तो विषय सोडून देतो. कापलेली दृश्ये मोजता येतात. न लिहिलेल्या पटकथा कोण मोजणार?

इथे आपल्याला आरशासमोर उभे राहावे लागते. 'फना' अडवला गेला तेव्हा आपण हळहळलो. एक मुसलमान कलावंत आदिवासींसाठी बोलला याचा अभिमानही वाटला. पण १९८८ मध्ये गोविंद निहलानी यांच्या 'तमस' मालिकेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेलेला अर्जदार आपल्यापैकीच होता. न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका पाहिली आणि ती दाखवू दिली. सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवले. त्या वेळी नागपूर उच्च न्यायालयाच्या विवियन बोस यांचा जुना निकष पुढे आला: शब्दांचा परिणाम विवेकी आणि खंबीर माणसाच्या मापाने मोजावा, जागोजागी धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे. १९९५ मध्ये 'बॉम्बे' प्रदर्शनापूर्वी बाळासाहेब ठाकरे यांना दाखवावा लागला, याची आपल्याला चीड आली. पण त्याच चित्रपटाविरुद्ध काही मुस्लिम संघटनाही उभ्या होत्या. कुलूप दुसऱ्याने लावले की झुंडशाही आणि आपण लावले की गैरत, असे दोन न्याय असू शकत नाहीत.

मग समाजाची बदनामी करणारा चित्रपट मुकाट्याने पाहायचा का? नाही. एखाद्या समाजाला राक्षस ठरवून त्याच्या जिवावर उठवणारी कलाकृती आणि मनाला बोचणारी कलाकृती यांत फरक आहे. पहिलीविरुद्ध कायदा आहे आणि तो वापरला पाहिजे. २०२४ मध्ये 'हमारे बारह'विरुद्ध काहीजण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी चित्रपट स्वतः पाहिला आणि दोन्ही बाजूंना मान्य झालेल्या बदलांसह तो प्रदर्शित झाला. निकाल पटो वा न पटो, तिथे म्हणणे उघडपणे मांडले गेले आणि त्याला लेखी उत्तर मिळाले. बोचणाऱ्या कलाकृतीला उत्तर समीक्षेने द्यावे, आणि त्याहून चांगले म्हणजे आपल्या कथेने, आपल्या चित्रपटाने द्यावे.

ते उत्तर देणारा तरुण आपल्याकडे तयार होईल का, ही खरी काळजी आहे. मराठीत लिहू पाहणारा मुस्लिम मुलगा किंवा मुलगी आज दोन्हीकडून दबलेली आहे. बाहेरचे देशद्रोही म्हणतील आणि घरचे बेदीन म्हणतील. तलाक, हुंडा, जातबिरादरी किंवा दंगल, कोणत्याही विषयाला हात घालण्याआधी मनातला सेन्सॉर जागा होतो, आणि तो कारण देत नाही, त्याच्यावर अपीलही नाही. बाहेरची भीती घालवणे एकट्या समाजाच्या हातात नाही. घरची भीती मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. आपल्या मुलांना न पटणारे बोलू देणे, ते ऐकून घेणे आणि मग वाद घालणे, एवढे आपल्याला करता आले, तरच 'फना'वरच्या आपल्या तक्रारीला नैतिक बळ येईल.